कुत्रीचा वाटा

मेंढ्या विकून आता बरीच वर्षं झाली. गोठ्यात जळण भरलेलं असतं, लेकीच्या जुन्या सायकलीचा सांगाडा आहे, तळ गेलेली दुधाची किटली आहे. पण दाराच्या चौकटीला, माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंचं लाकूड आरशासारखं गुळगुळीत झालेलं आहे. चार पिढ्यांच्या मेंढ्या रोज सकाळी बाहेर पडताना आणि दिवस कलल्यावर आत शिरताना तिथं अंग घासून गेल्या. त्यांच्या लोकरीतलं तेल त्या लाकडात मुरलं. म्हातारा जळण आणायला आत गेला की त्याचा हात आपोआप खाली जातो, त्या जागेवरून फिरतो, मग तो बोटं नाकाशी धरतो. वास अजून आहे. म्हातारी म्हणते, "कसला वास घेऊन बसलात? तुमच्या नाकालाच मेंढ्या चिकटल्यात."

मेंढ्या होत्या तेव्हा तो म्हातारा नव्हता. सगळा डोंगर त्याला अंगठ्या म्हणायचा, आणि तो ते नाव मिरवायचा.

त्याचं कारण असं. मेंढी चांगली धष्टपुष्ट असायची, चरायची, कोकरू पाजायची, आणि एक दिवस मान वाकडी करून एकाच अंगाला फिरायला लागायची. कळप पुढे निघून जायचा, ही आपली स्वतःभोवतीच. माणसं म्हणायची, मेंढी फिरली. फिरलेली मेंढी महिन्या-दोन महिन्यांत ओढ्यात पडून नाही तर उपाशी मरायची. तिच्या डोक्यात पाण्याची पिशवी होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती नेमकी कुठं आहे हे मात्र अंगठ्यालाच कळायचं. मेंढीचं डोकं दोन गुडघ्यांत धरून तो उजवा अंगठा कवटीवरून हळूहळू फिरवायचा, डोळे मिटून. आतून दाब येऊन पिशवीवरचं हाड पातळ होतं, एका ठिकाणी बोटाखाली किंचित दबतं. ती जागा सापडली की तो म्हणायचा, "इथं आहे बाईसाहेब." मग लोकर भादरायची, छोट्या सुरीने कातडी दारासारखी उचलायची, हाडाला भोक पाडायचं, मेंढी उलटी धरायची आणि हंसाच्या पिसाच्या दांडीने पिशवी ओढून काढायची. त्याची बायको मेंढीचे मागचे पाय धरून बसायची. तिने धरलेली मेंढी हलायची नाही. ती बाई एडका खांद्यावर टाकून ओढा ओलांडायची, तिच्यापुढे मेंढीचं काय चालणार?

पिशवी लिंबाएवढी निघायची, कधी अंड्याएवढी. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आत स्वच्छ पाणी, आणि पापुद्र्याला आतून चिकटलेल्या पांढऱ्या कण्या. अंगठ्या ती हातावर तोलायचा, जमलेल्या माणसांना दाखवायचा आणि कुत्रीकडे भिरकावायचा.

कुत्रीचं नाव भुरी. मेंढीचं डोकं गुडघ्यांत गेलं की ती समोर येऊन बसायची, पुढचे दोन्ही पाय जुळवून, शाळेत बसल्यासारखी. पिशवी हवेतच झेलायची. एका घासात गिळली तर मेंढी जगणार, खाली पडली किंवा चावत बसली तर मेंढीचं काही खरं नाही, असा शकुन होता. अंगठ्याच्या बापाने तो शिकवला होता. "राखण कुत्रं करतं, तर पहिला वाटा कुत्र्याचा," बाप म्हणायचा. अंगठ्याने तो सगळ्या डोंगराला शिकवला. जिथं जिथं डोकं उघडायला तो गेला, तिथं तिथं त्या कळपाच्या कुत्र्याला वाटा मिळाला.

त्या वर्षी धुकं उठेचना. गवत सदा ओलं, मेंढ्यांच्या खुरांना बुरशी, लोकर पिळली तर पाणी निघावं. आणि मेंढ्या फिरायला लागल्या. एकट्या अंगठ्याच्या कळपात अकरा फिरल्या. शेजारच्या माळावरचा खोकल्या हातगाडीवर बांधून दोन घेऊन आला. खोकल्या म्हणजे बारा महिने खोकणारा माणूस. आधी खोकला ऐकू यायचा, मग तो दिसायचा.

"अंगठ्या, यंदा तुझी चांदी आहे बाबा."

"चांदी कसली? पाठ मोडली."

"मोडली तर मोडली. तू नसतास तर डोंगर रिकामा झाला असता."

अंगठ्याला ते ऐकायला फार गोड लागायचं. खोटं कशाला सांगा.

काम आटोपलं की बायको गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून भुरीच्या अंगातली कुसळं काढायची. शेपटीजवळचे केस फार गुंतायचे. हाताने निघालं नाही तर ती वाकून दातांनी ओढायची, थू करून टाकायची, आणि त्याच हाताने लेकीच्या पुढ्यातला घास उचलायची. लेक एकोणीस वर्षांची, दूध मोजून गाडीवाल्याला द्यायचं काम तिच्याकडे. ती ओरडायची, "आई, हात धू!"

"कुत्री माझ्याहून स्वच्छ आहे. रोज चाटून अंघोळ करते."

पुढच्या वर्षी गवत वाळायच्या सुमारास बायकोचं डोकं दुखायला लागलं. आधी कुणी मनावर घेतलं नाही. वारा लागला असेल, उन्हात बसली असेल. मग सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायला लागली. खोकल्याची बायको हसून म्हणाली, "या वयात काय गं हे?"

"झालाच तर एडका होईल," ही म्हणाली, "शिंगं आत्ताच टोचायला लागलीत डोक्यात."

खांद्यावरच्या काठीला दोन किटल्या लावून ती दूध आणायची. डावीकडची किटली हिंदकळायला लागली. रस्त्याकडेला डाव्या बाजूच्या गवतावर दुधाची पांढरी रेघ दिसायची. लेक म्हणाली, "आई, दूध सांडतंय." आई म्हणाली, "रस्ताच तिरका झालाय."

एका दुपारी अंगठ्या तिच्या मागून चालला होता. डाव्या हाताला दगडाची भिंत. पुढे ती, मध्ये भुरी, मागे तो. ती सरळ चालता चालता डावीकडे झुकली, भिंतीला खांदा घासला, सावरली. दहा पावलं नीट गेली. पुन्हा झुकली, पुन्हा घासली. तिची मान किंचित वाकडी होती.

अंगठ्या जागच्या जागी उभा राहिला. अशी चाल त्याने शेकडो वेळा पाहिली होती. खोकल्याच्या हातगाडीवरून उतरवलेली मेंढी पहिल्या पाच पावलांत तो ओळखायचा. मग तो भिंतीवर टेकला. ती पुढे गेली, वळली, म्हणाली, "काय झालं हो?"

"खडा गेला बुटात," तो म्हणाला.

नऊ दिवस तो कुणाला काही बोलला नाही. माणसाच्या डोक्यात असं होत नाही, असं तो स्वतःला सांगत राहिला. कुंपण दुरुस्त केलं, खुरं कापली, जिथं गरज नव्हती तिथंही दगड रचले. तिच्या मागून चालायचं टाळलं. पुढे चालायचा आणि वळून बघायचा नाही.

पाचव्या दिवशी तिने डोकं धुवायला पाणी तापवलं. वाकलं की तिला गरगरायचं, म्हणून तिने त्याला तांब्या धरायला बोलावलं. ऊन आलं होतं. ती दारातल्या घडवंचीवर बसली, केस मोकळे सोडून. तो पाणी घालत होता. ती म्हणाली, "जरा दाबून बघा की. मेंढीचं बघता तसं."

"वेडी आहेस का?"

"बघा हो. मला वाटतं डावीकडे काहीतरी आहे."

त्याने अंगठा ठेवला. कपाळापासून वर, कानामागे, मानेच्या वरच्या खळग्यात. हाड दगडासारखं. कुठंच दबेना. माणसाचं हाड जाड असतं, ते काही सांगत नाही. ज्या अंगठ्याची सगळ्या डोंगराला खात्री होती, तो बायकोच्या डोक्यावर नुसता फिरत राहिला.

"सापडलं का बाईसाहेब?" तिने त्याचाच स्वर काढून विचारलं.

"काही नाही. ठणठणीत आहे."

"एवढी डोकी उघडलीत. माझं एक उघडायला काय होतं? हलणार नाही मी." ती हसली. तो हसला नाही. त्याने तांब्यातलं सगळं पाणी एकदम ओतलं, म्हणजे तिला डोळे मिटावे लागतील.

दहाव्या दिवशी ती ओढ्यात पडली. गुडघाभर पाण्यात, रोजच्या दगडावरून. लेकीने तिला ओढून काढलं, ओल्या कपड्यांनिशी घरापर्यंत आणलं आणि बापासमोर उभी राहिली. "बाबा, दुधाची गाडी निघायच्या आत आईला तिच्यात बसवा, नाही तर मी बसवते."

दुधाच्या गाडीत कॅनांच्या मध्ये बसून ते मोठ्या गावाच्या दवाखान्यात गेले. तिथं बायकोला मशिनीत घालून डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, बोलायला सरळ. फोटो उजेडाच्या पाटीवर लावून म्हणाल्या, "डोक्यात एक पिशवी आहे. पाण्याची."

"लिंबाएवढी," अंगठ्या म्हणाला. "डावीकडे. खाली, मानेच्या वर."

डॉक्टरीणबाईंनी फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ती डावीकडे ओढते."

मग त्यांनी खुर्ची पुढे घेतली. मेंढ्या आहेत का? कुत्रं आहे का? मेंढ्यांना असं होतं का? हा आजार म्हणजे बाईंच्या तब्येतीचा दोष नाही, म्हणाल्या, चांगल्या निरोगी माणसालाही होतो, फार थोड्यांना होतो, पण होतो. मेंढीच्या डोक्यातल्या पिशवीत ज्या कण्या असतात, त्या किड्याची तोंडं असतात. कुत्र्याने पिशवी खाल्ली की त्याच्या आतड्यात त्याचे लांब जंत होतात. जंतांची अंडी विष्ठेतून गवतावर, केसांवर. गवतातून मेंढीच्या पोटात, तिथून डोक्यात. केसांवरून हाताला, हातावरून माणसाच्या तोंडात. बोलता बोलता त्यांनी कागदावर पेनाने काढलं: कुत्रं, गवत, मेंढी. कुत्र्यापासून गवताला, गवतापासून मेंढीला बाण जोडला. मेंढीपासून कुत्र्यापर्यंतचा बाण काढायचा राहिला होता. पेन तिथंच टेकवून त्यांनी विचारलं, "मेंढीची पिशवी काढल्यावर तुम्ही तिचं काय करता?"

लेक शेजारी बसली होती. तिने मान वळवून बापाकडे पाहिलं.

"पुरतो," अंगठ्या म्हणाला.

"छान करता. सगळ्यांनी तसंच करायला हवं. मग कुत्र्याला दुसरीकडून कुठून तरी लागलं असेल." त्यांनी पेन बंद केलं.

आयुष्यात शाबासकी पुष्कळ मिळाली होती, पण ती शाबासकी त्याला अंगावर कुणी थुंकल्यासारखी लागली. तेवढ्यात सही घ्यायला कागद आला. त्याला सही येत नव्हती. नर्सने शाईची डबी पुढे केली आणि त्याचा उजवा अंगठा धरून कागदावर दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. केस काढलेलं डोकं पांढऱ्या चादरीत फार लहान दिसत होतं. जाताना म्हणाली, "पाय कोण धरणार माझे?" नर्स म्हणाली, "झोपेचं औषध देतात बाई." "मग ठीक आहे. यांना पाय धरता येत नाहीत, यांना नुसतं डोकं येतं."

बाप-लेक बाकड्यावर बसून होते. अंगठ्या शाई लागलेला अंगठा पायजम्याला पुसत राहिला.

ऊन खिडकीच्या दुसऱ्या टोकाला गेलं तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सगळं व्यवस्थित झालं, म्हणाल्या. हातात झाकणाची काचेची बाटली होती, तपासायला पाठवायची होती. तुम्हाला बघायची असेल म्हणून आणली. अंगठ्याने ती दोन्ही हातांत घेतली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी. आत स्वच्छ पाणी. पांढऱ्या कण्या. तीच. जन्मभर काढली ती, तसूभर फरक नाही. त्याने ती तळहातावर तोलली, आणि सवयीने, काही कळायच्या आत, खाली आपल्या पायांशी पाहिलं.

तिथं स्वच्छ पुसलेली फरशी होती.

बाटली लेकीने त्याच्या हातातून घेऊन परत दिली.

बायको घरी आली. आधी भिंत धरून, मग काठी घेऊन, मग तशीच चालायला लागली, सरळ. लेकीने जनावरांच्या डॉक्टरकडून भुरीसाठी गोळ्या आणल्या, तिला खुंट्याला बांधलं, तिची घाण रोज उचलून जाळायला लागली. भुरीला काही कळेना. बांधलं कशासाठी, म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायची. आईला लेक एवढंच म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, कुत्रीला हात लावला की हात धुवायचे."

गोठ्यात बाप-लेक दोघंच असताना अंगठ्या म्हणाला, "तू आईला सांगणार आहेस का?"

"मी का सांगू? टाकली तुम्ही."

"कळेल तिला कधी तरी."

"आईला कळेल. बाकीच्यांचं काय? कातरणी झाली की सगळे कळप वर जातील, कुत्री घेऊन. सहा महिने खाली येणार नाहीत. सगळे टाकणारच, तुम्ही शिकवलेलं." ती दुधाची किटली उचलून निघून गेली.

कातरणीला सगळे कळप खालच्या माळावरच्या सामाईक आवारात जमायचे. दोन दिवस कात्र्यांचा खडखडाट, मेंढ्यांची बोंबाबोंब, लोकरीचे ढीग, मोठ्या कढईखाली जाळ. त्या वर्षी बायकोही आली. काम करायची मनाई होती, म्हणून डोक्याला फडकं बांधून भिंतीवर बसली होती, भुरीची दोरी हातात धरून, आणि कुणाची कात्री बोथट आहे ते बसल्या जागेवरून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोकला ऐकू आला. मागून खोकल्या, त्याच्यामागे दोरीला एक मेंढी, एका अंगाला ओढणारी.

"अंगठ्या, हिचं बघ बाबा. उद्या वर जायचंय."

माणसं कात्र्या ठेवून भोवती जमली. अंगठ्याने डोकं गुडघ्यांत घेतलं. मागचे पाय लेकीने धरले. जागा सापडली, पण "बाईसाहेब" तो म्हणाला नाही. पिशवी अख्खी निघाली. जखमेवर फडकं बांधून त्याने मान वर केली, तर समोर सगळ्या कळपांची कुत्री अर्ध्या वर्तुळात बसलेली. मधोमध भुरी, दोरी ताणून, पाय जुळवून, तोंड उघडं.

"टाक," खोकल्या म्हणाला. "शकुन बघू."

अंगठ्याने मूठ मिटली.

"टाक की. माझी मेंढी आहे, माझ्या कुत्र्याचा वाटा आहे."

"आजपासून वाटा नाही."

"म्हणजे?"

अंगठ्या उभा राहिला. बोलताना तो खोकल्याकडे बघत नव्हता, भिंतीवर बसलेल्या बायकोकडे बघत होता. "हिच्या डोक्यातून हीच पिशवी निघाली. हेच पाणी, ह्याच कण्या. मी डोळ्यांनी बघितली. कुत्रं ही गिळतं आणि गवतावर पेरतं. मेंढ्या त्यानेच फिरतात. मी काढली, मी टाकली, मीच पुन्हा पेरली. हिच्या डोक्यात पण मीच पेरली. डॉक्टरांनी विचारलं तर पुरतो म्हणून खोटं बोललो. एकही कधी पुरली नाही." पाणी त्याच्या बोटांतून गळत होतं. "ज्यांना ज्यांना मी शिकवलं त्यांनी आजपासून कुत्र्याला घालू नका."

कुणीतरी म्हणालं, "याच्या बापाने घातली, आमच्या बापांनी घातली. ते काय खुळे होते?" एक जण हसला. खोकल्याला खोकल्याची उबळ आली, तो लाल झाला.

बायको भिंतीवरून उतरली. सरळ चालत आली.

"म्हणजे एवढे दिवस माझ्या डोक्यात तुम्हीच बसला होतात म्हणा," ती म्हणाली. "तरीच म्हटलं, आतून कुरकुर कोण करतंय."

दोघं-तिघं हसले. ती हसली नाही. "मग आता मूठ मिटून उभे काय राहिलात? जाळ आहे तिथं. टाका."

त्याने पिशवी कढईखालच्या जाळात टाकली. फस्स आवाज झाला.

"आणि शकुन?" खोकल्या ओरडला. "मेंढी जगणार की मरणार, मला कळणार कसं?"

"सकाळी बघायचं," ती म्हणाली. "उठली तर जगली."

मेंढी तिसऱ्या दिवशी मेली. खोकल्याने ती गोष्ट डोंगरभर केली, आणि काही कळपांत पुढे चार-पाच वर्षं वाटा चालूच राहिला. अंगठ्या त्या प्रत्येक कळपावर गेला. काही ठिकाणी त्याला बसा म्हणाले, काही ठिकाणी अंगावर कुत्री सोडली. हळूहळू कुत्र्यांच्या गोळ्या आल्या, पिशव्या पुरायचे खड्डे आले. मेंढ्या फिरायच्या थांबल्या. डोकं उघडायला त्याला कुणी बोलावेना. त्याच्या अंगठ्याचं काम त्यानेच संपवलं. पुढची पोरं त्याला नुसतं आजोबा म्हणायला लागली, आणि हंसाचं पीस कपाटात पडून राहिलं. भुरी मरेपर्यंत, त्याने कुठल्याही मेंढीचं डोकं हातात घेतलं, अगदी कानातली गोचीड काढायला, की समोर येऊन पाय जुळवून बसायची. तो तिला चुलीजवळची खरवड टाकायचा. ती झेलायची, आणि फसवल्यासारखं तोंड करायची. ते तोंड त्याला अजून दिसतं.

कुत्रीवरून बायकोने त्याला कधी बोल लावला नाही. कातरणीहून परतताना, चढावर, तिने वेगळंच विचारलं होतं. "भिंतीपाशी तुमच्या बुटात खडा नव्हता ना?"

"नव्हता."

"ओढ्यात मी पडले तो दहावा दिवस. मी मोजलेत. माझं मला माहीत असायला हवं होतं हो." तेव्हापासून त्या घरात गळकं छप्पर असो की दुखरा दात, तो टाळाटाळ करायला लागला की ती म्हणते, "नऊ दिवस घेणार आहात का?" लेकीची मुलंसुद्धा तेच म्हणतात. का म्हणतात ते त्यांना ठाऊक नाही.

आता तिचे केस पांढरे आहेत, विरळ आहेत. ऊन पडलं की ती पाणी तापवते आणि तीच घडवंची दारात ओढते. तो तांब्या धरतो. डाव्या कानामागे, मानेच्या वर, एक खळगा राहिला आहे. तिथं हाड नाही. त्याचा अंगठा त्यात बरोबर बसतो. पाणी ओतून झालं तरी तो तिथंच ठेवतो. कातडीखाली मऊ लागतं, आणि खोल काहीतरी सावकाश धडधडत असतं.

"काय चाचपताय?" ती विचारते.

"काही नाही."

"काही लागलं तर लगेच सांगा हं."

"लगेच सांगतो," तो म्हणतो.